सहा सुवर्णं विरुद्ध दोन: मेरी कोम मोठी की निखत झरीन?

परभणीहून एका वडिलांनी विचारलंय. त्यांची लेक बॉक्सिंग शिकते आणि घरात रोज जेवताना एकच वाद चालतो: मेरी कोम मोठी की निखत झरीन? वडिलांचं म्हणणं, जागतिक स्पर्धेत मेरीची सहा सुवर्णं आणि निखतची दोन, मग बोलायचं राहिलंच काय? लेकीचं म्हणणं, मेरीच्या वेळी खेळणाऱ्याच थोड्या होत्या, निखतनं जिंकलं ते भरगच्च स्पर्धेत. त्यात चुलत्यांनी भर घातली की मेरी २२-७ अशा फरकानं फायनल मारायची आणि निखत ५-० नं, म्हणजे दम कुणात होता ते दिसतंच. कुणीतरी जाणकारानं एकदाचा निकाल द्यावा, अशी त्यांची विनंती आहे.

दादा, निकाल आधीच सांगतो. कारकीर्द मेरी कोमची मोठी आहे, आणि माझ्या हिशेबानं अंतरही बऱ्यापैकी आहे. पण ते दोनाला सहा भारी म्हणून नाही. तुमची लेक जे म्हणते त्यात बरंच तथ्य आहे. तिचा मुद्दा पुरता मान्य करूनही मेरी पुढं कशी राहते, ते नीट मांडायला हवं, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझ्याबद्दल थोडं. मी नांदेडात बॉक्सिंग शिकवतो, आधी स्वतः खेळायचो, आणि स्पर्धांमध्ये जज म्हणूनही बसतो. माझा कल कुठं आहे तेही आधीच सांगून टाकतो, कारण अशा वादात माणूस ज्याच्या बाजूनं मनातून असतो त्याच्याच बाजूचे आकडे काढतो. मला निखतची ओढ जास्त. ती तेलंगणातल्या निजामाबादची. नांदेडहून गाडीत बसलं की मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर आणि मग निजामाबाद. आमच्या धर्माबाद-बिलोलीकडच्या लोकांना निजामाबाद परकं वाटतच नाही, बाजार तिकडं, सोयरीक तिकडं. निखतची मुलाखत लागली की ती जी हिंदी बोलते ती आमच्या देगलूर नाक्यावर रोज कानावर पडते. मे २०२२ मध्ये ती इस्तंबूलला जिंकली आणि माझ्याकडं पोरी घेऊन येणाऱ्या आईबापांचे प्रश्नच बदलले. आधी विचारायचे, "सर, नाकाला लागलं तर पुढं लग्नाचं कसं?" नंतर विचारायला लागले, "निजामाबादच्या त्या पोरीसारखं व्हायला किती वर्षं लागतेत?" माझ्या कामाला निखतनं जेवढा हात दिला तेवढा कुठल्या योजनेनं दिला नाही. एवढं सगळं असूनही मी मेरीचं नाव घेतोय.

आता वाद कुठं अडकतो ते बघा. तुमच्या घरात एका प्रश्नाच्या नावाखाली तीन वेगवेगळे प्रश्न चाललेत. कुणाची कारकीर्द मोठी, हा एक. ऐन भरात असताना कोण जास्त भारी, हा दुसरा. आणि समोरासमोर उभ्या केल्या तर कोण जिंकेल, हा तिसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर देताय, लेक दुसऱ्याचं देते, आणि चुलते ज्या आकड्यांवरून बोलतायत त्यांचा तिन्हींशी संबंध नाही. चुलत्यांचा मुद्दा आधी निकालात काढू, तो सोपा आहे.

२२-७ हा २००६ च्या दिल्लीतल्या जागतिक फायनलचा आकडा. त्या वेळी गुण संगणकावर मोजले जायचे. रिंगभोवती पाच जज, प्रत्येकापुढं दोन रंगांची बटणं. पंच स्वच्छ बसला असं पाचांपैकी तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी दाबलं तरच एक गुण. म्हणजे तो आकडा नोंदल्या गेलेल्या पंचांचा. तीच मेरी, समोर तीच रोमानियाची स्टेलुटा डुटा, आणि २००८ मध्ये निंगबोच्या फायनलला आकडा लागला ७-१. मेरी दोन वर्षांत अशक्त झाली का? अजिबात नाही. जज बदलले, बटणांवरची बोटं बदलली, लढतीचा वेग वेगळा पडला. २०१३ पासून पद्धतच बदलत गेली. आता प्रत्येक जज प्रत्येक फेरीत जिंकणारीला १० आणि हरणारीला ९ देतो, फारच एकतर्फी झालं तर ८. निखतचं ५-० म्हणजे पाच जजपैकी पाचही तिच्या बाजूनं. त्याहून मोठा निकाल गुणांवर मिळतच नाही. फेऱ्याही बदलल्या: लंडन ऑलिंपिकला बायकांच्या दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या असायच्या, आता तीन-तीन मिनिटांच्या तीन. आठ मिनिटांची लढत नऊ मिनिटांची झाली एवढंच वाटेल, पण सलग तीन मिनिटं हात वर ठेवणं म्हणजे काय ते तुमच्या लेकीला विचारा, ती सांगेल.

या नव्या पद्धतीतला एक निकाल मी माझ्या पोरांना नेहमी कागदावर मांडून दाखवतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशी हरली. पहिली फेरी पाचांपैकी चार जजनी व्हॅलेन्सियाला दिली. दुसरी आणि तिसरी फेरी मेरीला, दोन्ही वेळा ३-२. बघणारा म्हणतो, तीनपैकी दोन फेऱ्या जिंकल्या तरी हरली कशी? हरली, कारण निकाल फेऱ्या मोजून लागत नाही. प्रत्येक जजच्या कागदावर तिन्ही फेऱ्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेत जी पुढं, त्या जजचं मत तिचं. पहिल्या फेरीतली घसरण इतकी मोठी होती की पुढच्या दोन फेऱ्यांनी ती भरून निघाली नाही. म्हणूनच मी पोरींना घसा फोडून सांगतो, पहिली फेरी समोरचीला ओळखण्यात घालवू नका.

आता लेकीचा मुद्दा, आणि हा वजनदार आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये अमेरिकेत स्क्रँटनला झाली, तिथं तीसच्या आसपास देश होते. मेरीनं तिथं रौप्य मिळवलं. मग २००२ मध्ये तुर्कस्तानात अंतल्याला पहिलं सुवर्ण, २००५ मध्ये पोडोल्स्क, २००६ दिल्ली, २००८ निंगबो. त्या काळात महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये नव्हतं. ते घ्यायचं हा निर्णय ऑगस्ट २००९ मध्ये झाला. हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. सरकारी पैसा ऑलिंपिकच्या मागं धावतो, आपल्याकडंही आणि चीन, कझाकस्तान, तुर्कस्तान, इंग्लंडमध्येही. खेळ ऑलिंपिकचा झाला की शिबिरं लागतात, परदेशी कोच येतात, शाळकरी वयात मुली हेरल्या जातात. २००९ नंतर तेच झालं. निखत २०२२ मध्ये इस्तंबूलला उतरली तेव्हा सत्तरहून जास्त देश होते. तेव्हा लेकीला सांगा, मेरीची पहिली चार सुवर्णं आणि इस्तंबूलचं एक सुवर्ण यांना एकच भाव लावता येत नाही, हे मला मान्य आहे.

मग मी काय करतो, तर तिच्याच नियमानं चालतो. मेरीची २००९ च्या आधीची चारही सुवर्णं आणि पहिलं रौप्य बाजूला ठेवतो. हे मेरीवर अन्याय करणारं आहे, कारण जी समोर येते तिलाच हरवायचं असतं, पण वाद मिटवायला ठेवू. उरतं काय? २०१० मध्ये ब्रिजटाऊनला जागतिक सुवर्ण. २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिक कांस्य. २०१४ मध्ये इंचॉनला एशियाडचं सुवर्ण. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि त्याच वर्षी दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण, वयाच्या पस्तिशीत. २०१९ मध्ये उलान-उदेला जागतिक कांस्य.

निखतच्या बाजूला २०२२ चं इस्तंबूल आणि २०२३ चं दिल्ली ही दोन जागतिक सुवर्णं, २०२२ चं बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल सुवर्ण, २०२३ मध्ये हांगचौ एशियाडचं कांस्य. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला पदक नाही.

जागतिक सुवर्णं बरोबरीत, दोन-दोन. राष्ट्रकुल बरोबरीत. एशियाडमध्ये मेरीचं सुवर्ण, निखतचं कांस्य. ऑलिंपिकमध्ये मेरीचं पदक, निखतचं नाही. म्हणजे मेरीच्या कारकिर्दीचा निम्मा भाग कापून टाकला तरी उरलेला निम्मा निखतच्या आजवरच्या पूर्ण कारकिर्दीला पुरून उरतो. मी अंतर बऱ्यापैकी आहे म्हणालो ते यासाठी.

खोलात जायचं तर निखतच्या दुसऱ्या सुवर्णालाही एक टीप जोडावी लागते. २०२३ च्या दिल्लीतल्या स्पर्धेवर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा अशा देशांनी बहिष्कार टाकला होता. वाद रशियाच्या सहभागाचा आणि आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कारभाराचा होता, निखतचा त्यात काही संबंध नाही. तरी समोरची गर्दी कमी होती हा नियम मेरीला लावला तर इथंही थोडा लावावा लागेल. आणि मेरीची २०१० आणि २०१८ ची सुवर्णं ४८ किलोत होती, तो गट महिलांच्या ऑलिंपिकमध्ये नव्हता, त्यामुळं ऑलिंपिकवर डोळा ठेवून बसलेल्या कित्येक जणी वरच्या गटात खेळत होत्या, हीही टीप हवी. कुणाचंच सोनं निखळ निघत नाही. सगळ्यांच्या स्पर्धांना काहीतरी लागू असतं.

स्टेलुटा डुटाचा उल्लेख वर आला, तिच्याबद्दल जरा बोलू. २००६, २००८ आणि २०१० अशा तीन जागतिक फायनलमध्ये मेरीसमोर हीच उभी होती. तुमची लेक म्हणेल, बघा, फायनलला येणारी एकच बाई, इतकी कमी गर्दी. मी कोच म्हणून उलटं वाचतो. एकदा हरवलेल्या खेळाडूला दुसऱ्यांदा हरवणं अवघड असतं, कारण पुढची दोन वर्षं ती आणि तिचे कोच तुमच्यावरच तयारी करतात. तुमचा डावखुरा स्टान्स म्हणजे उभं राहायची ढब, तुमचं आवडतं कॉम्बिनेशन म्हणजे एकापाठोपाठ टाकायचे पंच, दमल्यावर कुठला हात खाली येतो, सगळं त्यांच्या वहीत असतं. तिसऱ्यांदाही हरवायचं तर तुमच्याकडं दरवेळी नवीन काहीतरी लागतं. त्यात २०१० ला मेरी ४६ वरून ४८ किलोत गेली होती.

इथून आपण वजनावर येतो, आणि या सगळ्या वादात मला सर्वात जास्त बोलायचंय ते यावरच. पदकं मोजणारे लोक वजनगट वाचतच नाहीत.

मेरीची सुवर्णं कुठल्या गटात आली ते बघा: ४५, ४६, ४६, ४६, ४८, ४८. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. आणि लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे गट होते फक्त तीन: ५१, ६० आणि ७५. म्हणजे मेरीला ५१ मध्ये खेळणं भाग होतं. बाहेरून बघणाऱ्याला तीन किलो म्हणजे काहीच वाटत नाही. रिंगमध्ये ते तीन किलो नसतात. ४८ ची मुलगी ५१ मध्ये जाते तेव्हा तिच्यासमोर मूळची ५३-५४ किलोची, वजन उतरवून ५१ वर आलेली मुलगी उभी असते. तिचा हात लांब, खांदा रुंद, आणि तुमचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, पोहोचायच्या आधी तिचा पोहोचतो. लंडनला मेरीसमोर पहिल्याच लढतीत आली ती पोलंडची कॅरोलिना मिखालचुक, जी २००८ मध्ये ५४ किलोत जगज्जेती होती. ५४ ची जगज्जेती आणि ४६-४८ ची जगज्जेती, मध्ये कुठंतरी ५१ वर भेटल्या. मेरीनं ती लढत १९-१४ अशी घेतली. पुढं ट्युनिशियाच्या मारूआ रहालीला १५-६, आणि सेमीफायनलला निकोला ॲडम्सकडून ६-११ अशी हार. ॲडम्सनंच पुढं सुवर्ण घेतलं. त्या कांस्याला मी जागतिक स्पर्धेच्या दोन सुवर्णांच्या बरोबरीचं मानतो. यावर मतभेद होऊ शकतो, माझं मत ठाम आहे.

निखतचं दुःख याच्या बरोबर उलटं. इस्तंबूलला ती ५२ किलोत जगज्जेती झाली. पॅरिससाठी महिलांचे गट ठरले ५०, ५४, ५७, ६०, ६६ आणि ७५. वर ५४ मध्ये गेली तर समोर मोठ्या अंगाच्या मुली, म्हणून तिनं खाली ५० मध्ये यायचं ठरवलं. बर्मिंगहॅमचं आणि दिल्लीचं सुवर्ण ५० मध्येच आलं, म्हणजे तिनं ते जमवूनही दाखवलं. पण रोजच्या रोज वजन करून लढायच्या स्पर्धेत हे किती महाग पडतं ते पॅरिसला दिसलं. मानांकन नव्हतं, त्यामुळं दुसऱ्याच लढतीत गाठ पडली चीनच्या अव्वल मानांकित वू यूशी, जी ५२ किलोची जगज्जेती होती आणि जिनं नंतर ऑलिंपिक सुवर्णच घेतलं. निखत ५-० नं हरली. हरल्यावर ती रडत सांगत होती की वजनासाठी दोन दिवस पोटात अन्न नव्हतं.

ज्यानं वजन उतरवलेलं नाही त्याला हे कळत नाही. ५२ किलोच्या अशा खेळाडूच्या अंगावर चरबी नसतेच. ते दोन किलो पाण्यातून आणि जेवणातून काढावे लागतात. सकाळी काट्यावर उभं राहून वजन बसलं की मग थोडंसं खायचं, प्यायचं, आणि त्याच दिवशी लढायचं. हात चालतात, पाय चालत नाहीत. पहिली फेरी निघून जाते, दुसरीत बाजूला सरकायचं असतं तिथं पाय जागेवरच राहतो. तुमच्या लेकीला हे अजून लागू नाही आणि लागू होऊ देऊ नका. आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंशांत काही पोरी स्वेटर घालून पळायला बघतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की असं केलं की वजन पडतं. मी त्यांना धरून सावलीत बसवतो आणि पाणी पाजतो. वाढत्या वयात पाणी तोडून वजन उतरवायला लावणारा कोच असेल तर कोच बदला, हे मी तुम्हाला न विचारता सांगतोय.

तर ऑलिंपिकनं या दोघींपैकी एकीलाही तिच्या स्वतःच्या वजनात उभं राहू दिलं नाही. एकीला वर ढकललं, एकीला खाली ओढलं. वर ढकललेलीनं पदक आणलं. खाली ओढलेलीचं नशीब ड्रॉमध्येही आडवं आलं. म्हणून पॅरिसच्या हारीवरून कुणी निखतला लहान म्हणत असेल तर मी ते ऐकून घेत नाही. पण कारकिर्दीच्या वहीत जे झालं तेच लिहावं लागतं.

दुसरा प्रश्न, ऐन भरात कोण भारी? इथं मी तुमच्या लेकीच्या बाजूला बसतो. निखतचं २०२२ हे वर्ष घ्या. फेब्रुवारीत बल्गेरियात स्ट्रान्झा स्पर्धेत सेमीफायनलला टोकियोची रौप्यविजेती, तुर्कस्तानची बुसे नाझ चाकिरोग्लू, तिला ४-१ नं हरवलं आणि पुढं सुवर्ण. मे महिन्यात इस्तंबूलला जागतिक सुवर्ण, आणि तिथं पहिल्या लढतीपासून थायलंडच्या जितपाँग जुतामासविरुद्धच्या फायनलपर्यंत प्रत्येक निकाल ५-०. एकाही लढतीत एकाही जजचं मत गेलं नाही. मी जजच्या खुर्चीवर बसतो, म्हणून सांगतो, पाच वेगवेगळ्या देशांची माणसं पाच वेगवेगळ्या कोनांतून बघत असताना हे जमणं फार दुर्मीळ आहे. ऑगस्टमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण, दोन किलो खाली येऊन. एका वर्षाचा खेळ म्हणाल तर मेरीच्या कुठल्याही एका वर्षापेक्षा मी निखतचं २०२२ वर ठेवतो.

तिसरा प्रश्न, समोरासमोर. याचं उत्तर कल्पनेनं द्यायची गरज नाही, दोघी खेळल्यात. मे २०१९ मध्ये गुवाहाटीला इंडिया ओपनच्या सेमीफायनलमध्ये मेरी ४-१ नं जिंकली. मग त्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठी चाचणी न घेता मेरीची थेट निवड झाली. ऑलिंपिक पात्रतेच्या वेळी पुन्हा तसंच होईल असं दिसल्यावर निखतनं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून चाचणीची मागणी केली. अभिनव बिंद्रा तिच्या बाजूनं बोलला. डिसेंबरमध्ये दिल्लीत चाचणी झाली आणि मेरीनं ती ९-१ नं जिंकली. लढत संपल्यावर मेरीनं हात मिळवला नाही, ते सगळ्या देशानं पाहिलं. माझ्या पोरी अजून विचारतात, "सर, मेरी मॅडमनं हात कामून नाही मिळवला?" मी सरळ सांगतो, मिळवायला हवा होता, आणि निखतची मागणी शंभर टक्के योग्य होती. जुनं नाव बघून जागा द्यायची नसते, चाचणी घ्यायची असते. पण चाचणीत जिंकली मेरीच, तेही छत्तीस-सदतीस वय असताना, तेवीस वर्षांच्या मुलीविरुद्ध, स्वतःच्या वजनापेक्षा वरच्या गटात. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

तरी याला वजन मी थोडंच देतो. निखत तेव्हा घडत होती. २०११ मध्ये ती ज्युनिअर गटात जगज्जेती झाली होती, योगायोगानं त्याच अंतल्यात जिथं मेरीनं पहिलं सुवर्ण घेतलं होतं, पण २०१७ मध्ये खांदा निखळला आणि बराच काळ गेला. तीन वर्षांनंतरची निखत वेगळीच होती. दोघींच्या सामायिक प्रतिस्पर्धी बघितल्या तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. चाकिरोग्लूनं २०१९ च्या जागतिक सेमीफायनलला मेरीला ४-१ नं हरवलं, निखतनं तिला २०२२ मध्ये हरवलं, आणि २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत तीच चाकिरोग्लू निखतला ५-० नं हरवून गेली. व्हॅलेन्सियाला मेरीनं २०१९ मध्ये ५-० नं हरवलं, टोकियोत ती मेरीवर भारी पडली, आणि २०२३ मध्ये निखतनं तिला सेमीफायनलला ५-० नं हरवलं. याच्यावरून 'अमुकनं तमुकला हरवलं म्हणून ती हिला हरवेल' अशी साखळी जोडत बसू नका. बॉक्सिंगमध्ये ती साखळी कधीच जुळत नाही. यातून एवढंच दिसतं की तिशी ओलांडून बरीच वर्षं झालेली मेरी आणि ऐन उमेदीतली निखत जवळपास एकाच पातळीच्या बायकांशी लढत होत्या.

आणि हेच मला मेरीच्या बाजूला नेणारं शेवटचं कारण. पहिलं जागतिक पदक २००१, शेवटचं २०१९. अठरा वर्षं. मधे २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि पुढच्याच वर्षी निंगबोचं सुवर्ण. २०१३ मध्ये तिसरा मुलगा आणि पुढच्याच वर्षी एशियाडचं सुवर्ण. आपल्याकडं मराठवाड्यात चांगल्या खेळणाऱ्या पोरी बारावीनंतर, फार तर पदवीनंतर, लग्न होऊन जातात. परत रिंगमध्ये आलेल्या मी फार थोड्या पाहिल्या. ज्या आल्या त्यांचे पंच मी हातात पॅड धरून झेललेत. मूठ तशीच कडक असते, पण पोटाचे स्नायू, कंबर आणि पायांचं टायमिंग सगळं पहिल्यापासून बांधावं लागतं, आणि तेही रात्री लेकराच्या रडण्यानं झोप मोडलेली असताना. मेरीनं हे दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी सुवर्ण आणलं. आकड्यांच्या कुठल्याही तक्त्यात याचा रकाना नाही, म्हणून लोक ते मोजत नाहीत. मी मोजतो.

थोडक्यात, तुमच्या जेवणाच्या ताटावर ठेवण्यापुरतं: गुणांचे जुने-नवे आकडे शेजारी मांडू नका. कारकीर्द मेरीची मोठी, आणि तिची सुरुवातीची सुवर्णं वजा केली तरी मोठी. एका वर्षाची उंची निखतची. समोरासमोर मेरी जिंकली, पण त्या लढती निखतच्या भराच्या आधीच्या. तुम्ही आणि लेक दोघंही थोडे-थोडे बरोबर आहात.

माझं मत बदलायला काय लागेल तेही सांगतो. निखतची कारकीर्द अजून चालू आहे. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये ती बत्तिशीत असेल, म्हणजे मेरी लंडनला होती त्यापेक्षा थोडीच मोठी. तिथं पदक आलं तर अंतर जवळजवळ संपतं. सुवर्ण आलं तर मी इथंच येऊन निखतचं नाव वर लिहीन, कारण भारताच्या कुठल्याही बॉक्सरनं, पुरुष असो की बाई, आजवर ऑलिंपिक सुवर्ण आणलेलं नाही.

तोपर्यंत एक करा. एखाद्या रविवारी लेकीला घेऊन दोन लढती लागोपाठ बघा. आधी निखत विरुद्ध जुतामास, इस्तंबूलची फायनल. मग मेरी विरुद्ध मिखालचुक, लंडन. आवाज बंद ठेवा, समालोचन डोळ्यांची दिशा बदलतं. दुसऱ्या लढतीत हातांकडं बघू नका, मेरीच्या पायांकडं बघा: उंच बाईच्या पल्ल्यातून आत शिरायला ती कुठला क्षण निवडते, आणि पंच टाकून झाल्यावर त्याच जागेवर किती वेळ थांबते. लेकीला वही घेऊन बसवा आणि प्रत्येक फेरीत मेरी आत किती वेळा गेली, समोरचीचा पंच न लागता बाहेर किती वेळा पडली, ते लिहायला लावा. मग तेच तिच्या पुढच्या स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, मोजा, तिच्याहून उंच पोरीसमोर.